गजराबाईची गोधडी आणि सतरा गाड्या

माझा धंदा कागदांचा आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, शहाद्यात प्रकाशा रस्त्याला टेबल टाकून मी लोकांच्या गाड्यांची कागदपत्रं करून देतो. लोक मला एजंट म्हणतात, मी स्वतःला सल्लागार म्हणवून घेतो आणि माझी बायको जसोदा दोन्ही शब्दांना सारखीच हसते. या तालुक्यात कोणती गाडी कोणाची, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही असा माझा समज होता. गजराबाईने तो मोडला, आणि तोही सुईदोऱ्याने. या गोष्टीत माझी चांगलीच शोभा झाली आहे. ती दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी, म्हणून लिहायला बसलो.

गजराबाईचं दुकान माझ्या टेबलाला लागूनच. पाटीवर अजून तिच्या नवऱ्याचं नाव आहे, 'रेवजी सीट कव्हर'. रेवजी बैलगाड्यांची छतं आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. रस्त्यावर मोटारी वाढल्या तसा सीट कव्हरकडे वळला. तो गेला तेव्हा गजराबाई चाळिशीची होती. आता मशीन विकणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. दोन गिऱ्हाइकं मशीन बघायलाही आली. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्यासमोरच मशीनवर बसून एका जीपची सीट शिवायला घेतली. ते पाणी पिऊन उठून गेले.

तिला लिहिता-वाचता येत नाही. माप ती सुतळीने घेते आणि सुतळीला गाठी मारून ठेवते. जीभ तिखट. तीन दिवसांनी या म्हणाली की तीन दिवसांनीच यायचं; मध्येच कोणी विचारायला आलं, तर त्याला हटकून चौथा दिवस लागतो. पण तिची शिलाई एकदा सीटवर बसली की सीट झिजेल, शिलाई उसवणार नाही.

तिने एक रीत पाडली होती. घरात गाडी आली, मग ती नवी असो की जुनी, की त्या घरच्या बाईने आपल्या लुगड्याची एक चिंधी आणून द्यायची. गजराबाई ती मधोमध कापायची. अर्धी ड्रायव्हरच्या सीटखाली, कव्हरच्या आतल्या बाजूने शिवायची. चालवणाऱ्याच्या बुडाखाली घर असलं की तो जपून चालवतो, असं तिचं म्हणणं. उरलेली अर्धी ती दुकानातल्या एका गोधडीला लावायची. ही गोधडी म्हणजे तिची वही. गाडी ज्या जातीची, तसा टाका: कोणाला साधा धावदोरा, कोणाला साखळी, कोणाला माशाच्या काट्यासारखा आडवातिडवा. चार वर्षांनी कोणी कव्हर बदलायला आलं की ती चिंधी बघायची आणि कोणती गाडी, केवढी सीट, कोणता दोरा, सगळं तिला आठवायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना तीच गोधडी मशीनवर पांघरायची.

आता माझ्याकडे येतो. आमच्या तापीकाठच्या गावांत घराघरांचं सुरतेशी नातं. तिथले मामा, साडू, मेहुणे नवी गाडी घेतात आणि जुनी इकडे पाठवतात. इथे ती एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. घरातलीच गाडी, असं म्हणत कोणी नाव बदलत नाही. माझ्याकडे विचारायला आलेल्यांना मीही सांगायचो, की घाई काय आहे, पुढच्या वर्षी बघू. दोन राज्यांचे कागद जुळवताना नाकी नऊ येतात, आणि मी मुळात आळशी माणूस आहे. माझी स्वतःची पांढरी गाडीसुद्धा जसोदाच्या सुरतेच्या चुलतभावाच्या नावावर होती. तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

ऊसतोडीच्या दिवसांत एका सकाळी ब्राह्मणपुरीचा हेमकांत कामाला निघाला. हा शाळेत क्लार्क, गाडी इतकी हळू चालवतो की सायकलवाले घंटी वाजवतात. धुकं होतं. पुढे उसाचा ट्रॅक्टर थांबलेला, तो त्याला ऐनवेळी दिसला. ब्रेक लावूनही गाडी जाऊन टेकली. बंपर दबला, दिवा फुटला, एवढंच. पण स्टिअरिंगमधली एअरबॅग उघडली आणि तिच्यासोबत लोखंडाचे तुकडे सुटले. एक तुकडा हेमकांतच्या गळ्याखाली घुसला. डॉक्टरांनी तो काढला, माणूस वाचला. पण त्याचा आवाज बसला तो कायमचा.

दोन दिवसांत गावभर झालं, गजराबाईचं कव्हर फुटलं.

त्याला कारण होतं. आमच्याकडे लोकांना स्टिअरिंग पूर्ण मढवून लागतं. नुसत्या गोल कडीवर रेक्झीन चढवलेलं कोणाला आवडत नाही. मधला फुगीर भागही झाकायचा, वर सोनेरी दोऱ्याने स्वस्तिक काढायचा. हे काम गजराबाईसारखं कोणालाच जमायचं नाही. जोड कुठे आहे ते शोधून सापडत नसे. त्या मधल्या भागावर कंपनीने 'एअरबॅग' अशी उठावाची अक्षरं दिलेली असतात, ती रेक्झीनखाली जायची. तिला ती वाचता येत नव्हती आणि आम्हा वाचता येणाऱ्यांनी ती वाचली नव्हती.

हेमकांतच्या वडिलांनी फाटलेलं कव्हर पिशवीत घालून आणलं आणि तिच्या मशीनवर टाकलं. ते गेल्यावर तिने कव्हर उलटंसुलटं केलं, बोटाने शिलाई चाचपली आणि मला हाक मारली.

"जिभाऊ, हाई दख. शिलाई तुटनी नही. मझारथून लोखंड फुटनं, तेनी कापड फाडं."

मी पाहिलं. खरंच, टाके जागच्या जागी होते आणि रेक्झीनला आतून बाहेर अशी चीर होती. मी म्हटलं, मग झालं तर, तुझा दोष नाही. ती माझ्यावरच उखडली.

"मन्हा दोष नही ते कोना शे, हाई इचार. त्या गाडीमा असं काय व्हतं?"

उत्तर विम्याच्या माणसाकडून मिळालं. तो गाडी बघायला आला, त्याने चेसिस नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि जीभ चावली. या गाडीच्या एअरबॅगला हवा भरणारी एक डबी असते. उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षांत तिच्यातली स्फोटाची दारू खराब होते आणि मग पिशवी फुगण्याऐवजी डबीच बॉम्बसारखी फुटते. कंपनीने दोन वर्षांपूर्वीच या गाड्या डबी बदलायला परत बोलावल्या होत्या. बदलणं फुकट. प्रत्येक मालकाला पत्र गेलं होतं.

"पत्र कुठे गेलं?" मी विचारलं, पण मला उत्तर माहीत होतं. कागदावर ज्याचं नाव, त्याच्या पत्त्यावर. सुरतेला. तिथून 'मालक राहत नाही' असा शेरा घेऊन परत.

आमच्याकडे वैशाखात बंद गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं. त्या उन्हात ह्या डब्या दहा-बारा वर्षं शिजत होत्या, आणि कागदावरची जुनी नावं खऱ्या मालकांपर्यंत पत्र पोहोचू देत नव्हती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गजराबाईने मात्र दुकान अर्धं बंद केलं, गोधडी रस्त्यावर उन्हात पसरली आणि गुडघे टेकून बसली. हेमकांतच्या गाडीचा टाका माशाच्या काट्याचा होता. त्याची सोडून तसल्या टाक्याच्या बाकी सगळ्या चिंध्या ती बोटाने मोजत गेली. ही अमक्याची बायको, ही तमक्याची सून. तिला पुरुषांची नावं आठवत नव्हती, गाड्यांचे नंबर तर नाहीच. लुगडी आठवत होती.

मधल्या ओळीत त्याच टाक्याची एक हिरवी चिंधी होती, कडेला आंब्याची कुयरी. ती जसोदाच्या लुगड्याची होती. मी लगेच ओळखली. गजराबाईचं बोट त्या चिंधीवर आलं, थांबलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरच्या एका म्हशीकडे पाहत राहिलो. तिचं बोट पुढे सरकलं.

"सोळा," ती म्हणाली.

मी का बोललो नाही? लाज, दुसरं काय. अठ्ठावीस वर्षं लोकांचे कागद करणाऱ्याची स्वतःची गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर, हे बाजारात कळलं असतं तर माझ्या टेबलासमोर लोक चहा प्यायला तरी आले असते का? त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन गाडीवर ताडपत्री टाकली आणि माझा मुलगा चंदन याला सांगितलं की बॅटरी उतरली आहे, हात लावू नकोस. जसोदा दारात उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर गावं पालथी घालू लागलो. मला वाटलं होतं, निम्म्या गाड्या हातच्या गेलेल्या असणार. पुरुषांना विचारलं की ते सांगायचे, विकली हो, तिकडे कुठे तरी गेली. मग गजराबाई आत स्वयंपाकघरात जायची आणि चहा होईपर्यंत पत्ता घेऊन बाहेर यायची. कारण गाडी दुसऱ्या घरी गेली की तिथली बाई सीटखालच्या चिंधीला आपली चिंधी जोडायची, आणि आधीच्या घरची चिंधी काढायची नाही असा दंडक होता. दोन्ही बायकांची त्यावरून ओळख व्हायची, सणाला फोन व्हायचे. एक गाडी तर चार घरं फिरून मोलगीकडच्या डोंगरात फुलसिंगकडे गेली होती. तो तिच्यातून सवारी नेतो. माझ्या कागदांवर ती नवसारीला उभी होती. बायकांच्या हिशेबाने ती फुलसिंगच्या अंगणात होती, आणि तिथेच सापडली.

कबूल करतो, मला राग येत होता. माझ्याजवळ कपाटभर फायली, आणि पत्ता निघत होता लुगड्यांवरून.

जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या शोरूममध्ये फोन केला तर एका मुलीने उचलला, रुचिका नाव. तिने यादी बघून सांगितलं, "काका, आमच्याकडे शहादा तालुक्यात या मॉडेलची एकही गाडी नाही." गजराबाईने माझ्या हातून फोन ओढून घेतला.

"पोरी, तुन्ही यादी सुरतले जाईसन बठनी. गाड्या आठे शेत. तू डब्या धाड."

रुचिका हसली, पण मुलगी कामाची निघाली. नाव कोणाचंही असो, ती म्हणाली, आम्हाला फक्त चेसिस नंबर लागतो. नंबर दिलेत तर डब्या मागवता येतील, आणि पुरेशा गाड्या असतील तर मी साहेबांना सांगून दोन मेकॅनिक तिकडेच पाठवते. मग जरा थांबून म्हणाली, "आणि आजी, डबी ही कंपनीची चूक आहे. पण मधला भाग मढवणं चुकीचंच. चांगली पिशवीसुद्धा त्याने नीट उघडत नाही."

गजराबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "त्या अक्षरं मीच झाकी टाकात. उघडा बी मीच करसू."

चेसिस नंबर द्यायला पुरुष तयार नव्हते. शोरूमचे लोक कागद तपासतील, वरती कळवतील, गाडी ओढून नेतील, अशी हवा पसरली होती. नवल पाटील हे माझं जुनं गिऱ्हाईक. तो मला म्हणाला, "कागद मामाना नावना शे, मामा मरीसन चार वरीस व्हयनात. आते तठे सही काय मामा करी?" मी त्याला समजावू शकलो असतो. पण ते समजावायला मला माझ्या ताडपत्रीखालून सुरुवात करावी लागली असती.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट उपयोगाला आली. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबराचा ठसा उमटतो; आम्ही फॉर्मवर तो लावतो. मी गजराबाईला ते शिकवलं, तिने बायकांना शिकवलं. पुरुष शेतात गेले की बायका बोनेट उघडून पेन्सिल घासायच्या आणि ठसा पोळपाटाखाली ठेवायच्या. पंधरा दिवसांत ठसे जमले. गजराबाईने ते पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, आणि मी ते शोरूमला पाठवलं. ठसे मोजले नाहीत.

चैत्र सरता सरता मेकॅनिक यायचा दिवस ठरला. पुरुषोत्तमनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोठं मैदान आहे, गाळपाच्या दिवसांत तिथे उसाच्या गाड्या उभ्या राहतात. आता रिकामं होतं. मंडपवाल्याने एक कापडी छत दिलं. सकाळी नऊला शोरूमची व्हॅन आली. रुचिका उतरली, दोन मेकॅनिक उतरले, आणि त्यांनी पुठ्ठ्याचे खोके उतरवून छताखाली रांगेत मांडले. गजराबाई ब्लेड, सुया आणि गोधडी घेऊन बसलीच होती.

मैदानात एकही गाडी नव्हती.

दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढलं. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर आठ-दहा पुरुष उभे होते; त्यांत नवल होता, आणखी तीन-चार गाडीवाले होते. ते बघत होते की आधी कोण जातो आणि त्याचं काय होतं. रुचिकाने घड्याळ पाहिलं. तिची माणसं तीनला निघणार होती, पुन्हा येणं जमेल की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. बारा वाजले.

"सोळा बायका हो म्हन्यात," गजराबाई पुटपुटली. "त्यासना मानसं काय करी ऱ्हायनात?"

तिचा आवाज मी असा पडलेला कधी ऐकला नव्हता. काही करायला नाही म्हणून मी खोके मोजले. सतरा भरले. पुन्हा मोजले. सतराच. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर चेसिस नंबर. शेवटच्या खोक्यावरचा नंबर मला तोंडपाठ होता.

म्हणजे सतरावा ठसा कोणीतरी दिला होता. माझ्या घरात पेन्सिल घासणारी दुसरी कोण असणार? मी गजराबाईकडे पाहिलं. गोधडी नीट करायच्या निमित्ताने तिने हिरव्या चिंधीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मला हेमकांतचा बसका आवाज आठवला. मग टपरीवरच्या त्या चार-पाच गाडीवाल्यांकडे पाहिलं. माझ्याच सल्ल्याने त्यांचे कागद तसेच राहिले होते, म्हणून ते घाबरलेले होते. मोटरसायकल काढली आणि घरी गेलो.

जसोदा ओसरीवर बसली होती. नवं लुगडं नेसून, हातात किल्ली. "दोन तास व्हयनात, मी वाट दखी ऱ्हायनू," ती म्हणाली. "तुम्हले लाज वाटस, माले नही. चंदनले बलावा."

ताडपत्री ओढली, किल्ली फिरवली. गाडी हूं नाही की चूं नाही. दीड महिना पडून बॅटरी खरोखरच उतरली होती. चंदन माझ्याकडे बघून असा हसला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याने शेजारचा ट्रॅक्टर आणला, गाडीला दोर बांधला आणि आम्ही निघालो. ट्रॅक्टरवर चंदन, मागे गाडीत स्टिअरिंगवर मी, शेजारी जसोदा. वीज नसली की पिशवी उघडत नाही, असं रुचिकाने सांगितलं होतं. तरी मी पाठ सीटला चिकटवून, छाती जमेल तेवढी मागे ओढून बसलो होतो. स्वस्तिक माझ्याकडे बघत होता.

बाजारातून जाताना लोक हसले. कोणी तरी ओरडलं, "सल्लागारनी गाडी ट्रॅक्टरना मांगे." हसोत. मला घाम फुटला होता, पण मागे वळायला दोर परवानगी देत नव्हता.

मैदानात पोहोचलो तोवर टपरीवरचे सगळे रस्ता ओलांडून आले होते. मी खाली उतरलो, खिशातून आर.सी. काढली आणि मोठ्याने वाचली. मालकाचं नाव, वडिलांचं नाव, सुरतेचा पत्ता. मग म्हणालो, "हाऊ मन्हा चुलत शालक. सहा वरीस व्हयनात त्याले जाईसन. मी एजंट शे आन मन्हीच गाडीना कागद असा शेत. कोनले धरनं ते पहिले माले धरा."

मग नवल हसायला लागला. पोट धरून हसला, डोळे पुसले आणि रुचिकाला विचारलं, "ताई, याला काय शिक्षा?"

"काकांना सावलीत बसवा," रुचिका म्हणाली. "मला फक्त चेसिस नंबर द्या. कागद तुमचे तुम्ही सावकाश करा."

गजराबाई ब्लेड घेऊन माझ्या गाडीत शिरली. तिनेच शिवलेलं कव्हर, ज्यात जोड सापडत नसे, त्यातला जोड तिला बरोबर माहीत होता. एक टाका तोडला, मग दुसरा. रेक्झीन सोललं गेलं आणि खाली ती अक्षरं निघाली, इतक्या वर्षांत ऊन न लागलेली, कोरी काळी. तिने बोट फिरवून विचारलं, काय लिखेल शे? मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि मेकॅनिकला जागा दिली.

वीस मिनिटांत माझी डबी बदलली. तेवढ्यात नवल घरी जाऊन गाडी घेऊन आला, शेजारी त्याची बायको. त्याच्यामागे दुसरी, तिसरी. प्रत्येक गाडीत पुढच्या सीटवर एक बाई होती, हे मी मोजून सांगतो. हेमकांत आला, आपली गाडी नसताना आला, आणि बसक्या आवाजात रांग लावू लागला. त्याचे वडील गजराबाईजवळ जाऊन बसले आणि कापलेल्या कडा टाचायला तिला सुईत दोरा ओवून देऊ लागले. पण त्या म्हाताऱ्याला सुईचं भोक दिसत नव्हतं आणि ती शांतपणे वाट बघत होती. तिच्याकडून मी असा धीर जन्मात पाहिला नव्हता.

तीन वाजले तेव्हा अकरा गाड्या झाल्या होत्या. मेकॅनिकांनी रुचिकाकडे पाहिलं, रुचिकाने मैदानाकडे पाहिलं आणि बाह्या वर सारल्या. कोणीच गेलं नाही. साडेपाचला फुलसिंग आला. तो सवाऱ्या मध्येच उतरवायला तयार नव्हता, म्हणून सगळ्यांना घेऊनच आला होता. त्याच्या गाडीतून नऊ माणसं आणि एक कोंबडा उतरला. त्याची गाडी सतरावी.

काढलेल्या सतरा डब्या लोखंडी पेटीत रांगेने ठेवल्या होत्या. दिसायला किरकोळ, तळहातावर मावतील एवढ्या. लोक येऊन वाकून बघत होते आणि मागे सरत होते. रुचिकाने पेटीला कुलूप घातलं तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळं मैदान वाजवायला लागलं. मीही वाजवल्या. मला रडू येत होतं, ते सांगायला आता कसली लाज?

पुढच्या महिनाभरात गजराबाईने सतरा नवी कव्हरं शिवली. मध्ये गोल मोकळं ठेवलेलं, अक्षरं उघडी, आणि त्या गोलाच्या कडेने बारीक माशाच्या काट्याचा टाका. आता कोणी कितीही म्हटलं तरी मधला भाग ती मढवत नाही. एका बाहेरगावच्या गिऱ्हाइकाने फार आग्रह केला, तेव्हा तिने त्याला हेमकांतच्या घरचा पत्ता दिला आणि सांगितलं, आधी त्याच्याशी दोन शब्द बोलून ये. मीही त्या महिन्यात आळस सोडून सतरा घरांचे कागद हातात घेतले. पहिली फाईल माझी. गाडी आता जसोदाच्या नावावर आहे.

गोष्ट इथेच संपली असती तरी मला पुरेशी होती. पण दिवाळीच्या चार दिवस आधी, भर दुपारी, चंदन प्रकाशाहून येत होता. कपाशीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून थेट रस्त्यावर आली. चंदनने गाडी वळवली आणि ती बाभळीवर जाऊन आदळली. हेमकांतची गाडी टेकली होती, ही आदळली. पुढचा सगळा भाग आत गेला.

मला फोन आला तेव्हा ऐकलं काय आणि उत्तर काय दिलं, आठवत नाही. मी आणि जसोदा तिथे पोहोचलो. कपाशी वेचणाऱ्या बायका घोळका करून उभ्या होत्या. घोळक्याच्या मध्ये बांधावर चंदन बसला होता. तोंडाला, मिशीला पांढरी भुकटी, नाक थोडं लाल, हातात कोणीतरी दिलेलं केळं. तो ते खात होता. जसोदाने त्याचा गळा चाचपला, गळ्याखाली चाचपलं, पुन्हा पुन्हा चाचपलं. तिथे काहीच नव्हतं.

गाडी ओढून आणली ती आधी गजराबाईच्या दारात. तिने दार उघडलं. पिशवी पांढऱ्या ओच्यासारखी स्टिअरिंगवर लोंबत होती. तिने ती बाजूला केली आणि गोलाच्या कडेने अंगठा फिरवला, पूर्ण एक फेरा.

"शिलाई बी साबूत," ती म्हणाली. मग चंदनच्या तोंडावरची भुकटी पदराने पुसली. "पोऱ्या बी साबूत."

चंदन म्हणाला, "मावशी, त्या रोज बाबांनी गाडी आणली नसती तर..."

"का बरं नही आनता जिभाऊ?" गजराबाईने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "सतरा डब्या मीच मांगेल व्हत्यात."

तिने मशीनवरची गोधडी बाजूला केली, मोजायची सुतळी घेतली आणि जसोदाला विचारलं, नव्या गाडीला चिंधी कोणत्या लुगड्याची देणार?